मधल्या खोलीत रेंज नाही

१

सीमाचा सकाळचा क्रम ठरलेला होता. म्हशीची धार झाली, चहा झाला, नवरा रामप्रसाद बाजारातल्या कृषी केंद्रावर कामाला गेला, की ती मागच्या खोलीत टेबलाशी बसायची, कानाला हेडफोन लावायची आणि पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची होऊन बोलायला लागायची.

"नमस्कार, मी सीमा बोलतेय. कोणत्या डॉक्टरांची वेळ हवीय?"

पलीकडच्याला वाटायचं, ही बाई थंडगार काचेच्या खोलीत बसलेली असणार. तिच्या खिडकीबाहेर हरभऱ्याचं वावर आहे आणि खुंट्याला म्हैस रवंथ करतेय, हे त्याला कशाला सांगायचं? आवाज स्वच्छ गेला की झालं.

आणि आवाजाचंच तर घोडं अडलं होतं.

जवळा बाजार गावाच्या जरा बाहेर, स्वतःच्या वावराच्या कडेला त्यांनी हे स्लॅबचं घर बांधलं, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. तीन खोल्या एका ओळीत. पुढं बैठक, मग मधली खोली, शेवटी सीमाची मागची खोली, आणि तिला लागून स्वयंपाकघर. सगळी दारं एका रेषेत, त्यामुळं पुढच्या उंबऱ्यात उभं राहिलं की थेट मागची खिडकी दिसायची. नेटची वायर बैठकीच्या खिडकीतून आत आली होती आणि दोन शिंगांचा तो पांढरा डबा बैठकीच्याच भिंतीवर बसला होता.

सकाळी सगळं झकास चालायचं. ऊन वर चढायला लागलं की पेशंटचे आवाज तुटायला लागायचे. "म्याडम... गुडघा... मंगळ..." आणि मग नुसती खरखर. जेवणाच्या वेळेला तर नेट पार झोपायचं. दुपार कलली की परत जसंच्या तसं.

पुण्याहून तिच्या वरच्या प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला. त्या रागीट नव्हत्या, म्हणूनच सीमाला जास्त लागलं.

"सीमा, तुझं बोलणं पेशंटना आवडतं. पण दुपारचे तुझे निम्मे कॉल अर्धवट तुटतात. तू अजून कायम झालेली नाहीस. या महिन्यात नेटचं बघ, नाहीतर इकडं येऊन काम करावं लागेल. तेही जमणार नसेल तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

पुण्याला जाणं शक्यच नव्हतं. सासूबाई इथं, म्हैस इथं, नवरा इथं. आणि ही नोकरी गेली तर पुन्हा अशी कोण देणार होतं?

२

नेट बसवणारा बालाजी मोटारसायकलवर शिडी बांधून आला. त्यानं वायरची टोकं कापून नवी लावली, डबा बंद करून चालू केला, मग डबाच बदलला.

"भिंतीत सळई लई घातली का वहिनी?"

"सगळ्या घरात असते तेवढीच. आणि सळई काय फक्त दुपारी आडवी येते का?"

"शेजाऱ्याचं वायफाय बी कधी कधी आडवं येतं."

"शेजार कुठंय इथं? ह्या बाजूला वावर, त्या बाजूला वावर."

बालाजीनं डोकं खाजवलं. डबा उचलून त्यानं मधल्या खोलीत लावून बघितला. तेव्हा तर घरात कुठंच नेट येईना, अंगणात नाही की बैठकीतही नाही. त्यानं मुकाट्यानं तो पुन्हा बैठकीत नेऊन लावला.

"नवलच हाय. मागच्या उन्हाळ्यात कळमनुरीला एका मंगल कार्यालयात असंच झालतं बघा. हॉल रिकामा होता तेव्हा फर्स्ट क्लास चालायचं. वऱ्हाड आलं, हॉल भरला, की ठप्प. माणूस म्हणजे पाण्याची पखाल वहिनी. ह्या लहरी पाण्यात मुरून जातात." मग तो स्वतःच हसला. "पण तुमच्या मधल्या खोलीत कुठं वऱ्हाड उतरलंय?"

जाताना त्यानं सीमाच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात मोटारीच्या मीटरसारखा काटा होता. रेंज चांगली असली की तो हिरव्यात जायचा, पडली की तांबड्यात. "फिरून बघत जा," तो म्हणाला, "कुठं मरतंय ते कळंल."

शिडी घेऊन तो मागच्या खोलीतून बाहेर निघाला. मधल्या खोलीत आल्यावर त्यानं आडवी शिडी उभी केली, अंगाशी घट्ट धरली आणि तशीच जपून बैठकीत नेली. तिथं पुन्हा आडवी करून खांद्यावर टाकली.

खोलीत एका भिंतीला कपाट होतं आणि कोपऱ्यात धान्याची कोठी. शिडीला आडवं येईल असं मधे काहीच नव्हतं. हे सीमाच्या नंतर लक्षात आलं.

३

सीमाला लहानपणापासून खोड होती. घड्याळ बंद पडलं की नवं आणा म्हणण्याआधी ती ते उघडून बघायची. तिच्या सुटीच्या दिवशी तिनं मधली खोली उघडायला घेतली.

लोखंडी कपाट बैठकीत गेलं, पत्र्याची कोठी पडवीत, गाद्यांचा ढीग स्लॅबवर उन्हात. सिंधूबाई, तिच्या सासूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय करून राहिलीस गं? सणबिण हाय का?"

"लोखंड आडवं येतंय का बघते, आत्याबाई."

रामप्रसाद कामावर जायच्या आधी कपाटाला खांदा देऊन घामाघूम झाला होता. "न्हाई निघालं काही तर परत मीच ठेवायचं ना हे?" तो कुरकुरला, पण हसत.

खोली रिकामी झाली. चार पांढऱ्या भिंती, वर पंखा, खाली फरशी. काटा तरीही दुपार जवळ येईल तसा खाली खाली येत गेला.

सीमानं सहज टाळी वाजवली. मग थबकली. रिकाम्या खोलीत टाळी घुमते. घर बांधून झालं तेव्हा, सामान यायच्या आधी, ह्याच खोलीत त्यांचं बोलणं इतकं घुमायचं की एकमेकांचे शब्द कळायचे नाहीत. आता टाळी जिथं वाजली तिथंच बसली. गच्च भरलेल्या सभामंडपात वाजवावी तशी.

तेवढ्यात सिंधूबाई पाण्याची कळशी घेऊन बैठकीतून आत आल्या. मधल्या खोलीत शिरल्यावर त्यांनी पदर अंगाशी आवळला, कळशी पोटाशी घेतली, एक खांदा पुढं काढला, दोन पावलं तिरक्या गेल्या, किंचित थांबल्या, मग डावीकडून वळून मागच्या दारातून बाहेर पडल्या.

"आत्याबाई, अशा वाकड्या काहून चालल्या?"

"कुठं वाकडी? सरळच तर आले."

"खोली रिकामी आहे. मधून यायचं की."

सिंधूबाईंनी मागं वळून रिकाम्या खोलीकडं बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "मधून कसं येणार?" असं म्हणून त्या कळशी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

सीमानं रामप्रसादला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला.

"आईचं सोड. तू बी तशीच चालतीस. रोज बघतो मी. मला वाटलं नव्या फरशीवर पाय घसरतो तुझा."

४

भीती वाटायला हवी होती, पण सीमाला आधी वाटली ती उत्सुकता. गणित सुटत आलंय आणि उत्तर काहीतरी भलतंच येणार, अशा वेळी वाटते तशी.

पुढच्या सुटीला तिनं स्टूल आणलं. ऊन वर आलं होतं पण जेवणाची वेळ झाली नव्हती. मधल्या खोलीच्या मधोमध स्टूल ठेवून ती वर चढली आणि फोन पंख्यापर्यंत उंच धरला. काटा हिरव्यात. हात हळूहळू खाली आणला. हिरवा, हिरवा, आणि मग तिच्या नेहमीच्या उंचीला, म्हणजे ती जमिनीवर उभी असती तर डोकं जिथं आलं असतं तिथं, काटा एकदम तांबड्यात पडला. तिथून खाली फरशीपर्यंत तांबडाच.

तिनं हात पुन्हा वर नेला. हिरवा. खाली. तांबडा. तळ्यात घागर बुडवावी आणि नेमकी कुठं पाण्याला टेकली ते हाताला कळावं, तसं ते कळत होतं. खोलीत काहीतरी भरलेलं होतं आणि ते माणसाच्या डोक्याइतक्या उंचीला संपत होतं.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. पंखा बंद होता. पडवीत सिंधूबाई तूर पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. खाली उतरायचं तर पाय ठेवायला जागा हवी, असं तिच्या मनात आलं. स्वतःच्याच विचाराचं तिला हसू आलं. रिकामी फरशी समोर दिसत होती. तरी उतरताना तिनं आधी एक पाय सोडला, थोडा थांबवला आणि मग टेकवला.

"आत्याबाई," तिनं बाहेर येऊन विचारलं, "घराच्या जागी आधी काय होतं?"

"काय असणार? हरभरा व्हायचा. त्याच्या आधी ज्वारी."

"मंदिर, थडगं, विहीर, काहीच नव्हतं?"

"काही न्हाई माय. नुसतं वावर. माझ्या सासऱ्याच्या बी आधीपासून वावरच." सिंधूबाईंनी सूप खाली ठेवलं. "काहून इचारतीस?"

"असंच," सीमा म्हणाली.

५

जेवणाच्या वेळेला ती पुन्हा आत गेली. छातीच्या उंचीला फोन धरून फिरली आणि बुचकळ्यात पडली. काटा हिरवा होता. सगळ्या खोलीत हिरवा. मग मागच्या खोलीत नेट का मेलेलं?

ती खाली बसली. काटा तांबड्यात कोसळला.

म्हणजे ते गेलं नव्हतं. खाली बसलं होतं.

कोपऱ्यात खडूचा तुकडा पडला होता, गवंड्याच्या वेळचा. सीमानं तो घेतला आणि गुडघ्यावर सरकत, फोन फरशीपासून हातभर उंच धरून, जिथं जिथं काटा तांबडा होई तिथं तिथं खूण करत गेली. दोन्ही लांब भिंतींच्या कडेनं खुणांच्या रांगा उमटायला लागल्या. सारख्या अंतरावर एकेक ठिपका, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी जागा सोडून. दोन रांगा समोरासमोर आणि मधून अरुंद वाट. ह्याच वाटेनं सासूबाई कळशी घेऊन जात होत्या. बालाजीची शिडी इथूनच गेली. ती स्वतःही इथूनच जायची.

लहानपणापासून असंख्य वेळा पाहिलेलं ते चित्र ओळखायला तिला फार वेळ लागला नाही. दोन रांगा आणि मधे वाढप्याला जायला वाट.

पंगत.

ती उठली नाही. खरं तर उठायला हवं होतं, पण एवढं आल्यावर शेवटपर्यंत बघायचंच, अशी तिची जात. तिनं रांग पूर्ण केली. आणि मागच्या दाराजवळ, डावीकडच्या रांगेच्या शेवटाला, काटा हिरवा झाला. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. तेवढ्या एका जागेत हिरवाच.

एक जागा रिकामी होती.

६

रामप्रसाद दुपारी जेवायला घरी यायचा. त्या दिवशी आला तेव्हा सीमा मागच्या दाराच्या उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. काटा दाखवला, खुणा दाखवल्या.

रामप्रसादनं नीट ऐकून घेतलं. तो तसा समजूतदार माणूस, बायकोची टिंगल करणारा नव्हता. पण फरशीवरच्या खडूच्या रांगा बघून त्याला राहवलं नाही.

"म्हणजे आपल्याच घरात पंगत, आणि आपल्यालाच आवतण न्हाई?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा न्हाई. बघतो की. बराबर इथं का?" असं म्हणत तो चार पावलांत त्या मोकळ्या जागेपाशी गेला आणि मांडी घालून बसला. "हं. बसलो. आता काय म्हणतो तुझा काटा?"

सीमा उंबऱ्यात उभी होती. फोन तिच्या छातीशी होता. क्षणापूर्वी त्या उंचीला काटा हिरवा होता. तिच्या डोळ्यांदेखत तो सरसर उतरला आणि तांबड्याच्या शेवटाला जाऊन टेकला.

तिनं फोन डोक्याच्या उंचीला नेला. तांबडा.

बसलेले सगळे उठून उभे राहिले होते.

"अहो," ती म्हणाली.

रामप्रसादचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं मान वर केली होती. बसलेल्या माणसाच्या समोर कुणी उभं राहिलं की तो जसा वर बघतो तसा. मग त्याची नजर थोडी उजवीकडं सरकली, थांबली. पुन्हा थोडी सरकली, थांबली. असं तो एकेकाकडं बघत गेला. चेहऱ्यावर भीती नव्हती. नव्या सोयरिकीत गेलेल्या माणसाचं असतं तसं जरासं संकोचाचं, मानाचं हसू होतं. त्यानं गुडघे आत ओढून बाजूला जागा केली.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "बसलो की. बसा तुमी बी."

सीमाच्या हातातला काटा हलला. छातीच्या उंचीला तो पुन्हा हिरव्यात आला.

रामप्रसादनं उजव्या हाताचा पसा केला आणि समोरच्या कोऱ्या फरशीवर, ताटाभोवती पाणी फिरवावं तसा, गोल फिरवला.

सीमा धावली. दोन पावलांचं अंतर, पण तिला खांदा पुढं करून जावं लागलं. अंगाला कुणाचाही स्पर्श झाला नाही. फक्त हवा उबदार होती, माणसांच्या अंगाची असते तशी. तिनं त्याचा दंड धरून ओढला.

"काहून ओढून राहिलीस?" तो चिडला. असा तो कधी चिडत नसे. "मधीच उठतेत का पंगतीतून?"

"उठा आधी!"

तो उठला. तिच्यामागून मागच्या खोलीत आला, खुर्चीवर बसला, डोळे मिचकावले आणि हसला. "काय झालं गं? एवढी घामानं भिजली काहून?"

"तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"मी? मी तर तुलाच इचारलं, काटा काय म्हणतो."

तिनं त्याला ताट वाढलं. ज्वारीची भाकर, पातळ पिठलं, ठेचा. त्यानं एक घास मोडला, तोंडात घातला आणि ताट सरकवलं.

"न्हाई जात गं. पोट भरल्यासारखं वाटून राहिलं."

७

सीमानं दुसऱ्याच दिवशी बालाजीला बोलावलं. वायर घराच्या आतून न नेता बाहेरच्या भिंतीनं, स्लॅबच्या कडेखालून फिरवून थेट मागच्या खोलीत आणायची आणि तिथं दुसरा डबा लावायचा, असं तिनंच त्याला सांगितलं. काम दिवसभरात झालं. आवाज तुटणं थांबलं. प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला, ती कायम झाली. सिंधूबाईंनी जवळच्या वस्तीवर पेढे वाटले.

मधल्या खोलीचं सामान मात्र परत आत गेलं नाही. कपाट बैठकीत राहिलं, कोठी पडवीत. सिंधूबाई आता स्वयंपाकघरात अंगणाच्या दारानं जायच्या.

रामप्रसाद बरा होता. कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, हसून बोलायचा. फक्त दुपारी जेवायला घरी येणं त्यानं सोडलं. "दुकानावर गिऱ्हाईक लई असतं. तिथंच जेवतो," म्हणायचा. डबाही नेत नसे. पण वाळला नव्हता. उलट अंगानं भरला होता. मालक गावाकडून जेवण मागवत असतील, असं सीमानं ठरवून टाकलं. मनाला काहीतरी पटवावं लागतं.

एका सुटीच्या दुपारी ती मागच्या खोलीत कपडे घडी करत होती. फोन बाजूला पडला होता. बऱ्याच दिवसांत तिनं ते ॲप उघडलं नव्हतं. आता उघडायचं काही कारणही नव्हतं, नेट उत्तम चाललं होतं. पण तिच्या हातांना ते कळत नव्हतं. ती उठली, फोन पुन्हा बैठकीतल्या डब्याला जोडला आणि मधल्या खोलीच्या मागच्या दारात खाली बसली.

खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. तिनं पुढं वाकून, हात लांब करून फोन मागच्या दाराजवळच्या त्या जागेवर धरला. त्या दिवशी जिथं काटा हिरवा होता तिथं.

तांबडा.

तिनं हात काढून घेतला. मग तिनं रामप्रसादला फोन लावला. बराच वेळ रिंग जात राहिली. इथं, घरात, कुठंही रिंग वाजली नाही, ह्याचं तिला बरं वाटलं.

"हं, बोल," रामप्रसादचा आवाज आला. तोंडात घास होता.

"कुठं आहात?"

"जेवून राहिलो."

"दुकानात का?"

सीमानं कान देऊन ऐकलं. दुकान भर रस्त्यावर होतं, एरवी फोन केला की ट्रॅक्टर, भोंगे, गिऱ्हाइकांची हुज्जत, सगळं ऐकू यायचं. आता त्यातलं काहीच नव्हतं. नुसती चार भिंतींच्या आतली शांतता, आणि तिच्या आत पुष्कळ माणसं एकमेकांशी न बोलता जेवतात तेव्हाचा तो दबका, एकसारखा आवाज.

तेवढ्यात अंगणातून सिंधूबाईंनी हाक मारली.

"सीमाऽऽ, म्हशीला पाणी दावलं का गं?"

ती हाक तिनं मोकळ्या कानानं ऐकली. आणि मग, श्वासभर उशिरानं, तीच हाक, त्याच सुरात, फोनमधूनही आली.

सीमा हलली नाही. तिच्या समोर पांढऱ्या भिंती होत्या आणि कोरी फरशी. पलीकडं रामप्रसादनं घास गिळला.

"जा की," तो म्हणाला, "आई बोलवून राहिली. पण मधून जाऊ नको. वाढणं चालू हाय."